कुत्र्याला घरातलं रोजचं काम: कोणतं द्यायचं, कसं शिकवायचं, कुठे बिघडतं

शिंगणापूर_रोड

कोल्हापुरात लॅब, पामेरियन, जर्मन शेफर्ड आहेतच, आता बऱ्याच घरांत गावठी पिल्लंही आली आहेत आणि ही चांगली गोष्ट आहे. लसी, खाणं, फिरवणं याबद्दल मालक जागरूक असतात. तरी रंकाळ्याला फेरी मारून आलेलं कुत्रं अकरा वाजता सोफ्याचा कोपरा फाडतं, तेव्हा बहुतेक जण एकच उपाय करतात, फेरी वाढवतात. त्याने कुत्र्याचा दम वाढतो, फाडणं थांबत नाही. पायांना व्यायाम मिळालेला असतो. डोकं रिकामंच राहिलेलं असतं.

धनगराच्या कळपामागचं किंवा मळ्यातल्या वस्तीवरचं कुत्रं बघा. कधी उठायचं आणि कधी पडून राहायचं हे त्याला ठाऊक असतं. घरातल्या कुत्र्याला हे आपण ठरवून दिलं नाही तर ते स्वतःच काम शोधतं. उदाहरणार्थ, घंटागाडी आली की भुंकायचं. घंटागाडी पुढे निघून जाते, रोजच जाते. कुत्र्याच्या लेखी ती आपल्या भुंकण्यानेच गेली, म्हणजे काम फत्ते झालं. अशी सवय महिनोन्महिने पक्की होत राहते.

म्हणून काम देताना ते माणसाने सुरू करायचं आणि माणसानेच संपवायचं. सुरुवातीला ठरलेला एक शब्द, मधे एकच स्पष्ट कृती, मग मोबदला आणि शेवटी 'झालं' हा शब्द. 'झालं' म्हणताना दोन्ही रिकामे तळहात दाखवा आणि वस्तू नजरेआड ठेवून द्या. हा शेवटच लोक गाळतात. मग कुत्रं तासभर मागे मागे फिरतं आणि आपल्याला वाटतं त्याला अजून काम हवंय. संपल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिलं काम म्हणून 'आणून हातात देणं' घ्या. पुढची निम्मी कामं यातूनच निघतात. वस्तू म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची, पंधरा सेंटिमीटर लांबीची लाकडी दांडी, वर सुती कापड घट्ट गुंडाळून शिवलेलं. छोट्या कुत्र्याला दीड सेंटिमीटरची. ती फेकून सुरुवात करू नका. शिकवायचं शेवटाकडून.

दांडी हातातच धरा. कुत्र्याने नाक लावलं की त्याच क्षणी 'हां' म्हणा आणि खाऊ द्या. आठ-दहा वेळा झालं की नुसत्या नाकावर देणं बंद, दात लावले तरच 'हां'. मग तोंडात धरली की, मग एक सेकंद धरली की, दोन, पाच. तोपर्यंत तुमचा हात दांडीखालीच असू द्या, म्हणजे तोंडातून सुटली तरी तळहातावरच पडेल. हे जमलं की दांडी जमिनीवर पायाशी ठेवा, मग एका पावलावर, मग खोलीच्या टोकाला. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. सलग दोन वेळा चुकलं की एक पायरी मागे यायचं.

बिघडतं ते साधारण तीन ठिकाणी. खाऊ दुसऱ्या हातात दिसत असेल तर कुत्रं दांडी टाकून खाऊकडे वळतं, म्हणून वाटी मागच्या फळीवर ठेवा. धरण्याचा वेळ घाईने वाढवला तर ते चघळायला लागतं. आणि घेऊन पळालं तर मागे धावू नका. तुम्ही धावलात की तोच खेळ होतो. उलट्या दिशेला चार पावलं जा, खाली बसा आणि अदलाबदलीला काहीतरी द्या.

पुढे याच पायऱ्यांनी नॅपकिन, टीव्हीचा रिमोट (कापडी पिशवीत घालून), सकाळचा पेपर आणता येतो. पेपरला रबर लावू नका, गिळला जातो. कापडी पट्टी बांधा. दुधाची पिशवी कुत्र्याकडे द्यायची नाही. सुळा लागला की फुटते, आणि अर्धा किलोचं लोंबतं वजन तोंडात तोलणं त्याला अवघड जातं.

एक विनंती आपल्या गावासाठी खास. कोल्हापुरी चप्पल आणायला शिकवू नका. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, तेल पाजलेलं चामडं आहे ते. कुत्र्याच्या नाकाला ते खाद्यच वाटतं. शिवाय 'ही आण' आणि 'ती चावू नको' हा भेद आपण चपलांच्या स्टँडपुढे उभं राहून त्याला समजावू शकत नाही.

खरी_कॉर्नर

चांगला धागा. राजारामपुरीत तिसरा मजला, तीन वर्षांचा लॅब, वजन २८ किलो. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाहेर. शिकवायला वेळ मिळेल, पण नऊ तास तो एकटा असतो त्याचं काय? त्या वेळात काही काम देता येतं का?

शिंगणापूर_रोड

त्या वेळात देऊ नका. पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसात १२ ते १४ तास झोपतं, आणि एकटेपणाचे तास झोपेत जाणं हेच उत्तम. काम त्या तासांच्या आधी आणि नंतर ठेवायचं.

सकाळी साडेसहाला फिरणं, पण त्यातली पंधरा मिनिटं त्याच्या नाकाच्या मर्जीने. दोर सैल, ओढायचं नाही, हुंगू द्यायचं. घरी आल्यावर पेपर आणणं. मग नाश्ता वाटीत न देता शोधून खायला लावणं. हे वीस मिनिटांचं काम आहे. साडेआठला 'झालं', पाणी, पंखा, जागेवर झोप. निघताना निरोपाचा सोहळा करू नका. संध्याकाळी आल्या आल्या तो उसळत असतो तेव्हा काम सांगू नका, आधी बाहेर नेऊन आणा. रात्रीच्या जेवणाआधी सगळी खेळणी टोपलीत टाकणं, हे दिवसाचं शेवटचं काम.

टोपलीचं शिकवायला दांडी आणून देण्याच्या पायरीतच बदल करायचा. तुमच्या हाताखाली टोपली ठेवा आणि तो द्यायला आला की हात बाजूला घ्या. वस्तू टोपलीत पडली की 'हां'. टोपली उथळ असावी, दहा-बारा सेंटिमीटर उंचीची. खोल बादलीत डोकं घालायला कुत्री कचरतात.

आणि वेळा रोज त्याच ठेवा. शनिवार-रविवारी बाराला उठून काम दिलं की सोमवारी त्याचं तंत्र बिघडलेलं असतं.

बिंदू_चौक

सगळं बरोबर आहे मालक, पण कुत्र्याचं मूळ काम राखण. आमच्याकडं पेठंत सगळ्यांनी कुत्रं दारात बांधलंय ते त्याच्यासाठीच. पेपर आणायला लावून काय करायचं?

जास्वंद

दादा, राखण हे काम आहेच. दारात साखळीला बांधून ती होत नाही एवढंच म्हणणं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला येणाऱ्याजवळ जाऊन हुंगता येत नाही, लांबही जाता येत नाही, त्यामुळे येणारा प्रत्येक जण संकट वाटतो. मग ते पोस्टमनवरही तेवढंच तुटून पडतं आणि चोरावरही तेवढंच. सगळ्यांवर सारखंच भुंकलं तर घरातले लोक लक्ष देणं सोडतात. मग राखण कसली?

राखण अशी शिकवा. 'दोनदा भुंक, मला सांग, मग तुझ्या जागेवर जा.' आधी जागा पक्की करायची. गोणपाट दुमडून साधारण दोन फूट बाय तीन फूट करा, दारापासून आठ-दहा फूट लांब ठेवा. त्यावर चारही पाय आले की खाऊ गोणपाटावरच टाकायचा, हातात द्यायचा नाही. त्यामुळे जागेला किंमत येते. तीन-चार दिवसांनी घरच्या बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा. वाजला की 'जागेवर', पोचलं की तीन-चार तुकडे सावकाश एकामागून एक टाका. आवाज रोज थोडा वाढवा. भुंकल्याशिवाय गेलं तर उत्तमच, एक-दोनदा भुंकून गेलं तरी चालेल. मग घरातल्याच कुणाला बाहेर उभं करून खरी बेल वाजवा. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी.

हे शिकताना त्याला रस्ता दिसणार नाही अशी सोय करा. गेटच्या खालच्या जाळीला तीन फुटांपर्यंत कापड, किंवा खिडकीच्या खालच्या काचेला कागद. दिवसभर गेटवर स्वयंघोषित ड्युटी चालू राहिली तर दहा मिनिटांच्या शिकवणीचा टिकाव लागत नाही.

बिंदू_चौक

बेलचं रेकॉर्डिंग ही गोष्ट पटली. गल्लीत दोन-तीन जणांना सांगतो. आणि बांधून ठेवण्याचं म्हणाल तर वाड्याचं चौक बंद करून मोकळं सोडता येतंय.

जास्वंद

वा, मग तर फारच छान. मोकळ्या चौकात नाकाचं काम सुरेख होतं, आणि माझ्या मते घरातल्या कुत्र्याला देण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम तेच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माणसाच्या नाकात वास ओळखणारे ग्राही पन्नास-साठ लाख मानतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. शार्लट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २०१९ मध्ये छापलेल्या अभ्यासात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास शोधण्याचा आणि काहींना मालकाच्या पायालगत चालण्याचा सराव दिला होता. दोन्हींना खाऊ मिळतच होता. नंतर, आत खाऊ असेल की नसेल हे नक्की नसलेल्या वाटीकडे जायला वास शोधणारी कुत्री पूर्वीपेक्षा लवकर निघू लागली, पायालगत चालणाऱ्यांत तसा फरक दिसला नाही. शोधताना कुत्रं स्वतः निर्णय घेतं, म्हणून हे होत असावं असं त्यांचं म्हणणं.

सुरुवात बुटांच्या सहा रिकाम्या खोक्यांनी. झाकणं काढून टाका. एकात उकडलेल्या चिकनचे तीन-चार तुकडे. खोकी दोन-दोन फुटांवर मांडा, 'शोध' म्हणा आणि मग गप्प बसा. बोट दाखवायचं नाही, खोक्याकडे बघायचंही नाही. सापडलं की तिथेच, त्याच खोक्यात आणखी दोन तुकडे टाका. खाऊचं खोकं दर वेळी तेच असू द्या, कारण त्याला वास लागलेला असतो, फक्त त्याची जागा बदला. आठवडाभराने झाकण अर्धं लावा, खुर्चीवर ठेवा, दाराआड ठेवा. एका बैठकीत चार-पाच शोध बास.

यानंतर लवंग. वासशोधाच्या स्पर्धांमध्येही लवंगेचा वास वापरतात आणि आपल्या डब्यात ती असतेच. काचेच्या बरणीत आठ-दहा लवंगा आणि सुती कापडाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे दोन दिवस बंद ठेवा. एक तुकडा चिमट्याने उचलून, झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या पत्र्याच्या छोट्या डबीत घाला. भोकांच्या कडा आतल्या बाजूला वाकवून घ्या, नाक कापता कामा नये. लवंगेचं तेल थेट वापरू नका, फार तीव्र असतं. लवंगा कुत्र्याच्या तोंडात जाता कामा नयेत, म्हणून डबीत फक्त कापड.

डबी हातात धरा, हुंगली की 'हां' आणि खाऊ डबीजवळच द्या. मग तशाच दोन डब्या, एकीत साधं कापड. मग तीन. मग खोक्यांत, मग खोलीत. हमखास चूक इथे होते. लवंगेची डबी आपण पुन्हा पुन्हा हाताळतो आणि रिकाम्या डब्यांना हात लावत नाही. कुत्रं लवंग न शोधता आपल्या हाताचा वास शोधायला शिकतं. सगळ्या डब्यांना सारखाच हात लावा.

शोध मांडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, वास पसरू द्या. सुरुवातीला छताचा पंखा बंद. पंख्याखाली वास गोल फिरतो आणि कुत्रं खोलीच्या मधोमध घुटमळत राहतं. ते चुकतंय असं वाटतं, पण वास खरंच तिथे आलेला असतो.

उन्हाळ्यात घरी चटणीची तयारी असेल, मिरच्या वाळत असतील किंवा डंकावरून तिखट आणलं असेल, त्या दिवशी हे काम पूर्ण बंद. मिरचीची पूड नाकात गेली की कुत्र्याला त्रास होतो, आणि शोधण्याशी त्याची वाईट आठवण जोडली जाते.

हिरण्यकेशी

पशुवैद्यक म्हणून काही गोष्टी जोडतो.

मोबदल्याचं प्रमाण. रोजच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊतून जाऊ नये. २५ किलोच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० कॅलरी लागतात. त्यातल्या शंभर-एकशे दहा, म्हणजे उकडलेलं हाडाविना चिकन साठ ग्रॅमच्या आसपास. वाटाण्याएवढे तुकडे केले तर शंभरावर होतात, दिवसभराला पुरून उरतात. काकडी, गाजर चालतं. कोरडा आहार देत असाल तर त्याच मापातला भाग खाऊ म्हणून बाजूला काढा.

मटणाच्या दिवशी रश्श्यातले तुकडे धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि ते शिजवल्याने जात नाही. शिजलेली हाडं तर नाहीतच, त्यांचे टोकदार तुकडे होतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेली बिनसाखरेची गोळी, यांपैकी काहीही बक्षीस म्हणून नको.

रंकाळा चौपाटीवर संध्याकाळी भेळेचे कागद आणि खाऊन टाकलेली मक्याची कणसं पडलेली असतात. कणसाचा दांडा कुत्र्याच्या आतड्यात पचत नाही, अडकतो, आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते. इथे कामाचा थेट उपयोग आहे. तोंडात स्वतःची दांडी घेऊन चालणारं कुत्रं खाली पडलेलं उचलत नाही. तेवढ्या टप्प्यापुरती द्या, दोन-तीन मिनिटं, मग घ्या. कुत्रं अंग थंड करतं ते तोंड उघडून धापा टाकूनच, त्यामुळे उन्हात तोंड अडकवून ठेवणं धोक्याचं. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी सातच्या आतच. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा, टेकवत नसेल तर कुत्र्यालाही चालवू नका.

पाठीवरची पिशवी हल्ली बरेच जण आणतात. मोठ्या जातीला दीड वर्षाच्या आत नको, हाडांची वाढ संपलेली नसते. पहिला आठवडा रिकामी. नंतरही वजन शरीराच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे २५ किलोला अडीच किलो ही कमाल मर्यादा, रोजची मात्रा नव्हे. अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, दोन्हीकडे एकेक, एवढं पुष्कळ. वजन खांद्यांवर यावं, कमरेवर नाही. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या किंवा खुब्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला अजिबात नको.

चार ते सहा-सात महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात. तेव्हा 'धरून ठेव' शिकवणं थांबवा, नाकाची कामं चालू ठेवा. आणि रोज उत्साहाने काम करणारं कुत्रं अचानक नकार देऊ लागलं, तर आळशी झालंय असं समजू नका. दात मोडलेला असतो, कान दुखत असतो, सांधे धरलेले असतात. आधी तपासून घ्या.

मुधोळप्रेमी

मुधोळ हाउंडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. आपल्याकडून मुधोळ लांब नाही आणि जिल्ह्यात ही कुत्री पुष्कळ आहेत. २००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींवर तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. कारवानी म्हणूनही ओळखतात.

हे कुत्रं डोळ्यांनी शिकार करणारं. दांडी आणून द्यायला लावलीत तर तिसऱ्या वेळी तोंड फिरवून उभं राहील. त्याला मंद समजू नका, त्या कामात त्याला रस नसतो. त्याला पळती वस्तू लागते. पाच-सहा फुटांच्या काठीला तेवढीच दोरी, टोकाला कापडाचा तुकडा. जमिनीलगत फिरवायचा, उंच उडवायचा नाही, उडीने गुडघे जातात. आधी 'थांब', मग 'घे', पकडलं की 'सोड', अदलाबदल, पुन्हा 'थांब'. धावण्यापेक्षा हा थांबण्याचा भाग त्याला जास्त शिकवतो. एका बैठकीत पाच-सहा धावा, मधे श्वास बसेपर्यंत विश्रांती, पोट भरलेलं असताना नाही. जागा चारी बाजूंनी बंदच हवी. कळंबा तलावाकडे मोकळं सोडलं आणि लांबवर ससा किंवा मांजर दिसलं तर तुमची हाक त्याच्या कानात शिरणार नाही.

खरी_कॉर्नर

सगळ्यांचे आभार. अजून दोन गोष्टी. गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या रस्त्यावर मोठी साउंड सिस्टीम असते, तेव्हा काम चालू ठेवावं का? आणि मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला काम द्यायला आवडेल. चालेल का?

जास्वंद

मिरवणुकीच्या दिवसांत नवीन काहीही शिकवू नका. जे पक्कं झालंय त्यातलं सगळ्यात सोपं, म्हणजे झाकण नसलेल्या खोक्यांतला शोध, रस्त्यापासून आतल्या खोलीत, पडदे ओढून, आवाज सुरू व्हायच्या आधी. आवाज वाढल्यावर खाऊ तोंडाला लावत नसेल तर ते घाबरलंय, तिथेच थांबायचं आणि जवळ बसायचं. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. दरवर्षी थरथरणारं, लाळ गाळणारं कुत्रं असेल तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. औषधाची मात्रा आधी घरच्या शांत दिवशी देऊन बघावी लागते.

मुलीबद्दल शिंगणापूर_रोड सांगतील.

शिंगणापूर_रोड

नऊ वर्षांच्या मुलीला लपवण्याचं काम द्या, ते मुलांना अतिशय छान जमतं. लॅब दुसऱ्या खोलीत तुमच्यासोबत, तिने खोकी मांडायची, दार उघडून 'शोध' तिनेच म्हणायचं. खाऊ तिने हातातून न देता खोक्यात टाकायचा. तोंडातली वस्तू काढून घेणं मात्र फक्त मोठ्यांनी. ती जमिनीवर वाकलेली असताना २८ किलोचं कुत्रं उसळून आलं तर धक्का लागतो, म्हणून मांडून झालं की तिने आधी सोफ्यावर बसायचं आणि मगच तुम्ही दार सोडायचं. शेवटी 'झालं' म्हणून रिकामे हात दाखवायचे आणि खोकी उचलून कपाटावर ठेवायची, हेही तिच्याकडेच असू द्या.

पहिला आठवडा चिकनचाच ठेवा. लवंगेची डबी तिच्या हाती देण्याआधी रिकाम्या डब्यांना हात लावायचं तिला समजावून सांगा, नाहीतर तो तिच्याच हाताच्या वासावर सगळं शोधून काढेल.